‘फास्ट लेन’ नावाची लेनच नाही! रस्त्यावरच्या इंग्रजी शब्दांचा आपण लावतो तो अर्थ बरोबर आहे का?

ओव्हरटेक, साइड, डिपर, लेन, बायपास, डायव्हर्जन, ब्रेकर, स्टेपनी. ज्याला इंग्रजीचं एक वाक्य बोलता येत नाही, असा माणूसही मराठी बोलताना हे शब्द सहज वापरतो. ते आता मराठीच झाले आहेत आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. अडचण वेगळी आहे. यातले बरेच शब्द आपण घेतले, पण त्यांच्यासोबतचा नियम घ्यायचा राहून गेला. त्यामुळे शब्द एक आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या डोक्यात त्याचा अर्थ वेगळा, अशी स्थिती आहे. गप्पांमध्ये असा गोंधळ झाला तर हसून सोडून देता येतो. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात ती सवलत मिळत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यात १,६८,४९१ जणांचा जीव गेला. यात सर्वात मोठा वाटा अतिवेगाचा. नुसत्या शब्दांमुळे अपघात होतात, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण वेगात असलेल्या चालकापर्यंत सूचना पोहोचवायची, तर शब्द, चिन्ह आणि दिवा याशिवाय दुसरं साधन नाही. म्हणूनच पाटी मराठीत हवी की इंग्रजीत, या नेहमीच्या वादाच्या आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: पाटी वाचून चालकाला नेमकं काय करायचं ते कळतं का?

पाटी वाचायला वेळ किती मिळतो?

थोडं गणित करू. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. समृद्धी महामार्गावर कारसाठी ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगात हेच अंतर ३३ मीटर होतं. म्हणजे पाटीवरचा एक अवघड शब्द समजून घेण्यात तीन सेकंद गेले, तर गाडी तोवर १०० मीटर पुढे गेलेली असते.

रस्त्यांचे मापदंड ठरवणारी भारतीय रस्ते काँग्रेस ही संस्था चालकाच्या प्रतिक्रियेसाठी अडीच सेकंद धरते. समोर धोका दिसला, मेंदूला कळला, पाय ब्रेकवर गेला, इथवरचा हा वेळ. त्यानंतर गाडी प्रत्यक्ष थांबायला लागणारं अंतर मिळवलं, तर ताशी १०० च्या वेगात एकूण १८० मीटर लागतात, असं त्यांचं गणित सांगतं. यातले जवळपास ७० मीटर तर ब्रेकला पाय लागण्याआधीच संपलेले असतात. पाटी समजायला आणखी वेळ लागला, तर तो याच हिशेबातून वजा होतो.

‘फास्ट लेन’ आली कुठून?

सर्वात महाग पडणारा गैरसमज ‘फास्ट लेन’ या शब्दात आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर एका बाजूला तीन लेन आहेत. डावीकडची अवजड वाहनांसाठी, मधली कारसाठी आणि उजवीकडची ओव्हरटेक करण्यासाठी. उजवीकडच्या लेनमध्ये जायचं, पुढची गाडी ओलांडायची आणि पुन्हा मधल्या लेनमध्ये यायचं, असा तिचा उपयोग.

बोलताना मात्र तिचं नाव पडलं ‘फास्ट लेन’. नाव बदललं आणि वागणंही बदललं. ‘फास्ट लेन’ म्हटलं की ज्याची गाडी जोरात आहे, त्याला ती आपल्या हक्काची वाटते. ताशी १०० ने जाणारा लोणावळ्यापर्यंत तिथून हलत नाही. ‘मी वेगमर्यादेत आहे, मग बाजूला का होऊ?’ हा त्याचा युक्तिवाद. मागचा डिपर मारत राहतो, कंटाळतो आणि डावीकडून कट मारून पुढे जातो. डावीकडे ट्रक असतात.

‘ओव्हरटेकिंग लेन’ या नावातच सांगितलेलं आहे की इथे काम झालं की परत फिरायचं. ‘फास्ट लेन’मध्ये ते काम गायब झालं, उरला फक्त रुबाब.

याला दुसरीही बाजू आहे. लेनसाठी मराठीत आपण ‘पदर’ हा सुंदर शब्द वापरला आणि त्यातून चौपदरी, सहापदरी, चौपदरीकरण असे शब्द सहज तयार झाले. पण या सगळ्या शब्दांत मोजली जाते ती रस्त्याची रुंदी. चौपदरी म्हणजे रस्ता मोठा झाला, इतकाच अर्थ मनात पोहोचला. आपल्या पदरात राहायचं असतं, हे त्या शब्दाने कधी सांगितलंच नाही. भूमिपूजनाच्या भाषणात रस्ता सहापदरी होतो आणि उद्घाटनानंतर त्यावर जशी जागा मिळेल तशी गाडी घातली जाते.

उजवा इंडिकेटर लागला. म्हणजे नेमकं काय?

पुढे ट्रक आहे. त्याचा उजवा इंडिकेटर लुकलुकतोय. याचे आपल्या रस्त्यांवर दोन अर्थ होतात. पहिला, नियमातला: मी उजवीकडे वळतोय, मागे थांबा. दुसरा, चालकांनी आपापसात ठरवलेला: रस्ता मोकळा आहे, उजवीकडून ओव्हरटेक कर. एका अर्थाने थांबायचं, दुसऱ्या अर्थाने पुढे जायचं. कोणता अर्थ घ्यायचा, याचा निर्णय मागच्याने दोन सेकंदांत करायचा.

डिपरचंही तसंच. समोरून येणाऱ्याने डिपर मारला, की आपल्याकडे त्याचा अर्थ ‘थांब, मी येतोय’ असा घेतला जातो. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये दिवे लुकलुकवण्याचा एकच अर्थ दिलेला आहे: मी इथे आहे, माझ्याकडे लक्ष असू द्या. तिथले लोक मात्र व्यवहारात ‘तुम्ही आधी जा’ असं सांगायला सर्रास दिवा लावतात. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आणि पहिल्यांदा गाडी हातात घेतलेल्या मराठी माणसाला हा फरक लक्षात ठेवावाच लागतो. समोरच्याने वाट दिलेली असते आणि आपला माणूस घाबरून ब्रेक दाबून उभा राहतो. याच्या उलट झालं तर जास्त वाईट.

चारही इंडिकेटर एकदम लावणारे हॅझार्ड दिवे हा तिसरा प्रकार. त्यांचा मूळ अर्थ ‘माझी गाडी बंद पडून थांबली आहे, सांभाळून जा’ असा. आपल्याकडे अनेक जण चौकात सरळ जायचं असेल तर ते लावतात. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, म्हणून दोन्ही. तर्क बरोबर वाटतो, पण बाजूने येणाऱ्याला गाडीचा एकच कोपरा दिसतो आणि ती वळणार असं त्याला वाटतं. घाटात धुकं किंवा पाऊस आला की चालत्या गाडीचे चारही दिवे लावण्याची पद्धतही अशीच. चारही दिवे चालू असताना गाडी लेन बदलणार आहे की नाही, हे मागच्याला कळायचा मार्ग उरत नाही.

‘गिव्ह वे’ म्हणजे कोणी कोणाला?

ज्याला अमेरिकेत ‘यील्ड’ म्हणतात, ती आपल्याकडची ‘गिव्ह वे’ची पाटी. मराठीत ‘रस्ता द्या’ किंवा ‘वाट द्या’. उलटा त्रिकोण, लाल किनार. अष्टकोनी लाल ‘स्टॉप’ आणि उलटा त्रिकोण या दोनच पाट्यांना असे वेगळे आकार दिलेले आहेत. चिखल उडाला, अक्षरं पुसली, तरी नुसत्या आकारावरून ओळखता यावं, हा त्याचा फायदा.

आता चौकात उभं राहून पाहा. छोट्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येणारा थांबतो का? बहुतेक वेळा तो आधी गाडीचं तोंड पुढे घालतो. मोठ्या रस्त्यावरचा मग नाइलाजाने ब्रेक दाबतो. रस्ता दिला जातोच, फक्त ज्याने द्यायचा तो देत नाही.

गोल चौकाचं तर नावच बदललं. ‘राउंडअबाउट’ हा शब्द आपण घेतला नाही, ‘सर्कल’ घेतला. सर्कल म्हणजे मध्ये कारंजं किंवा पुतळा असलेलं ठिकाण. रिक्षावाल्याला पत्ता सांगायला उत्तम. पण राउंडअबाउट हा वाहतुकीचा एक नियम आहे: आधी गोलात असलेल्याला वाट द्यायची, मग आत शिरायचं. केंद्राच्या २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांतही हेच सांगितलं आहे. शहरात कोणत्याही सर्कलवर संध्याकाळी सहा वाजता होणारी कोंडी पाहिली, की आपण नाव घेऊन नियम कसा विसरलो ते दिसतं. बाहेरचे आत घुसतात, आतल्यांना बाहेर पडता येत नाही आणि गोल जागच्या जागी गोठतो.

‘अपघातप्रवण क्षेत्र’. बरं, मग करायचं काय?

इथे दोष इंग्रजीचा नाही, भाषांतराचा आहे. ‘अॅक्सिडेंट प्रोन एरिया’ या इंग्रजी पाटीचं शब्दशः मराठी झालं ‘अपघातप्रवण क्षेत्र’. मुळात इंग्रजी पाटीही माहितीच देते, सूचना देत नाही. तिचं मराठी करताना ती आणखी जड झाली. ‘प्रवण’ हा शब्द आपण घरात, बाजारात, शेतावर कुठेच वापरत नाही.

यामागे एक नेमकी व्याख्या आहे, हेही फारसं कोणाला माहीत नसतं. महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा जणांचा मृत्यू झाला, तर मंत्रालयाच्या निकषानुसार तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. म्हणजे तिथे नेमकं काय चुकतं, याची नोंद सरकारदरबारी असते. उतार आहे, की गावातला रस्ता अचानक येऊन मिळतो, की वळणापलीकडचं दिसत नाही, हे माहीत असतं. पाटीवर मात्र त्यातलं काहीच येत नाही. येतं ते फक्त ‘अपघातप्रवण’.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार घ्या. हा टप्पा राज्यभर माहीत झाला तो एकामागून एक झालेल्या अपघातांमुळे. अशा लांब उतारावर डिझेल वाचवायला काही चालक गाडी न्यूट्रलवर टाकतात, काही इंजिनच बंद करतात. गियर काढला की इंजिनाचा अटकाव जातो आणि भरलेल्या ट्रकचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि पकड सुटते. इंजिन बंद असेल तर एअर ब्रेकमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबलेला असतो. दुसऱ्या दिवशी बातमीत शब्द येतो, ‘ब्रेक फेल’. ब्रेक बिघडला आणि ब्रेक तापवला, या दोन वेगळ्या गोष्टी या एका शब्दात बुडून जातात. पहिल्यात दोष यंत्राचा, दुसऱ्यात तो टाळता येण्यासारखा होता.

अशा ठिकाणी पाटी काय सांगायला हवी? ‘गाडी न्यूट्रल करू नका. गियरमध्येच उतरा.’ यात ‘न्यूट्रल’ आणि ‘गियर’ हे दोन्ही शब्द इंग्रजी आहेत आणि ज्याच्यासाठी पाटी आहे, त्या माणसाला ते शंभर टक्के समजतात. ‘ज्या गियरमध्ये घाट चढलास, त्याच गियरमध्ये उतर’ हे उस्तादाने क्लीनरला शिकवलेलं वाक्य कोणत्याही अधिकृत पाटीपेक्षा सरस आहे.

जुन्या पाट्यांना हे जमलं होतं

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या पाट्या आठवा. ‘पुढे गाव आहे. वाहने सावकाश हाका.’ हाकायची ती बैलगाडी. मोटार कोणी हाकत नाही. पण अर्थ कळला नाही, असं कोणाच्याही बाबतीत झालं नाही. आधी कारण, मग कृती.

‘पुलावरून पाणी वाहत असताना वाहन नेऊ नये.’ इथे अट आणि कृती दोन्ही आहेत. ‘काम चालू, रस्ता बंद.’ चार शब्दांत विषय संपला. या तीनही पाट्यांत जड शब्द नाही आणि चालकाला पुढच्या क्षणी काय करायचं, याबद्दल शंका नाही.

‘अति घाई संकटात नेई’ किंवा ‘मनाचा ब्रेक उत्तम ब्रेक’ या घाटातल्या पाट्या लोकांना पाठ आहेत, आवडतातही. पण ते उपदेश झाले. उपदेश ऐकून माणूस मान डोलावतो. वळण किती तीव्र आहे आणि वेग किती करायचा, हे त्यातून कळत नाही. ट्रकच्या मागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’चीही तीच गत. महाराष्ट्रात २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर हे शब्द लिहायला बंदी झाली, कारण ते विनाकारण हॉर्न वाजवण्याचं आमंत्रण ठरत होते. रस्त्यावर लिहिलेला शब्द लोक खरोखर पाळतात, हे प्रशासनाने त्या वेळी मान्यच केलं. मग बाकीच्या शब्दांनाही तोच न्याय लावायला हवा.

मग सगळे शब्द मराठीत आणायचे का?

इथे उत्साहाला थोडा आवर घालावा लागतो. ‘वळण’ हा शब्द पाहा. इंग्रजीत रस्त्याचा बाक म्हणजे ‘बेंड’ किंवा ‘कर्व्ह’, दुसऱ्या रस्त्याला लागणं म्हणजे ‘टर्न’, काम चालू असताना काढून दिलेला तात्पुरता रस्ता म्हणजे ‘डायव्हर्जन’ आणि शहराबाहेरून काढलेला कायमचा रस्ता म्हणजे ‘बायपास’. मराठीत आपण या सगळ्यांसाठी वळण, वळण रस्ता, वळणमार्ग, बाह्यवळण असे एकाच घराण्यातले शब्द वापरतो. रात्री पावसात ‘पुढे वळण रस्ता आहे’ ही पाटी दिसली, तर पुढे रस्ता वळतोय, की तो बंद करून बाजूने काढलाय, की सरळ गेलं तर शहर टळणार आहे?

लोकांनी या गोंधळातून केव्हाच वाट काढली आहे. ते ‘डायव्हर्जन’ म्हणतात आणि ‘बायपास’ म्हणतात. दोन्ही शब्द नगरच्या बाजारापासून सावंतवाडीपर्यंत सर्वांना कळतात. अशा ठिकाणी इंग्रजी शब्द काढून टाकणं म्हणजे मराठी माणसाकडूनच एक उपयोगाचा फरक हिरावून घेणं.

काही मराठी शब्द मात्र इंग्रजीच्या बरोबरीने उभे राहिले. ‘उड्डाणपूल’ कानाला चांगला लागतो, डोळ्यांपुढे चित्र उभं करतो आणि फ्लायओव्हरच्या शेजारी सुखाने नांदतो. ‘बोगदा’ असताना टनेलची गरजच पडली नाही. ‘मार्गिका’ अजून धडपडतेय. लेनही मार्गिका, मेट्रोची लाइनही मार्गिका. ‘अवजड वाहनांनी डाव्या मार्गिकेतून जावे’ यापेक्षा ‘ट्रक, बस डावीकडून’ हे चालकाला लवकर कळेल.

आपले शब्द रस्त्यावर आहेत, पाटीवर नाहीत

गंमत अशी की रस्त्याबद्दलची मराठी मुळात गरीब नाही. डांबराच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीला इंग्रजी अभियांत्रिकीत ‘शोल्डर’ म्हणतात. तिचं मराठी शोधायला कोशात जावं लागत नाही. गावोगावी लोक तिला ‘साइडपट्टी’ म्हणतात. अर्धा शब्द इंग्रजी, अर्धा मराठी आणि पूर्ण आपला. ‘साइडपट्टी खचली आहे’ हे वाक्य दुचाकीवाल्याचा जीव वाचवू शकतं.

रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी ‘मोरी’, ओढ्यावरून जाणारा बुटका पूल म्हणजे ‘फरशी’, कोकणात पायी ओलांडायचा ‘साकव’, शेतात जाणारी ‘पाणंद’. मोठ्या रस्त्यापासून गावाचा रस्ता फुटतो तो ‘फाटा’. फोनवरच्या नकाशातला इंग्रजी आवाज ‘फोर्क’ म्हणतो, त्याच्या डोळ्यांपुढे काट्याचमच्यातला काटा आहे. आपल्या डोळ्यांपुढे दोन भागांत फाटलेला रस्ता आहे. चित्र एकच. तीन रस्ते मिळतात तिथे सिंधुदुर्गात ‘तिठा’ आणि कोल्हापुरात ‘तिकटी’. मिरजकर तिकटीला कोणी ‘टी-जंक्शन’ म्हणून पाहावं, कोल्हापूरकर वाट दाखवण्याआधी त्याच्याकडे नीट बघून घेईल.

शब्दांची ही ये-जा काही आजची नाही. आपण ज्याला ‘स्टेपनी’ म्हणतो, ते नाव वेल्समधल्या लनेथली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जादा चाकाचा व्यवसाय उभा राहिला. आज इंग्लंडमध्ये ‘स्टेपनी’ म्हटलं तर बहुतेकांना कळणार नाही, आपल्याकडे पंक्चरवाल्या पोराला कळतं. ग्रामपंचायतीच्या कामांत ‘डब्ल्यूबीएम’ नावाचा रस्ता असतो. त्यातला ‘एम’ म्हणजे मॅकॅडम, खडीचे थर दाबून रस्ता करण्याची पद्धत रूढ करणारा स्कॉटिश माणूस जॉन लाउडन मॅकॅडम. त्याचं नाव बिलात राहिलं, लोकांनी मात्र साधा शब्द केला, ‘खडीकरण’. उलट दिशेने पाहिलं तर ब्रिटिश लोक अवाढव्य ट्रकला ‘जगरनॉट’ म्हणतात. तो शब्द पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून गेलेला.

म्हणून शब्दाचं कूळ तपासत बसण्यात अर्थ नाही. तो रस्त्यावर काम करतो का, एवढंच पाहायचं.

बाहेरच्या राज्यांतल्या चालकांचं काय?

साध्या मराठीचा आग्रह धरला की हा प्रश्न येतोच आणि तो रास्त आहे. मुंबई-बेंगळुरू महामार्गावर कन्नड, तमिळ, हिंदी बोलणारे चालक रोज असतात. त्यांना ‘साइडपट्टी’ कळणार नाही. पण ‘अपघातप्रवण क्षेत्र’ही कळणार नाही आणि त्यातल्या अनेकांना इंग्रजीतली लांबलचक पाटीही वाचता येणार नाही. ‘बाहेरच्यांसाठी इंग्रजी’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. ट्रक चालवणारा बाहेरचा माणूस म्हणजे इंग्रजी जाणणारा माणूस, हे गृहीत कोणी धरलं?

त्यांच्यासाठी उत्तर चिन्हांत आहे आणि ते आपल्याकडे आधीपासून आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत चिन्हांची तीन कुळं दिली आहेत. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधान, चौकोन म्हणजे माहिती. एवढं पक्कं असेल तर भाषा न येताही अर्धी पाटी वाचून होते. चिन्ह सर्वांसाठी आणि त्याखाली स्थानिक भाषेतलं छोटं, कृती सांगणारं वाक्य, ही विभागणी दोघांनाही न्याय देते. वादाच्या भरात आपण चिन्ह विसरतो आणि अक्षरांवरून भांडतो.

वाहन चालवताना एवढं लक्षात ठेवा

• उजवीकडची लेन ओव्हरटेकसाठी. पुढे गेलात की मधल्या लेनमध्ये परत या.

• पुढच्या ट्रकचा उजवा इंडिकेटर लागला, तर तो वळतोय असंच धरा. खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

• चारही इंडिकेटर थांबलेल्या गाडीसाठी. चौकात सरळ जायला ते लावायचे नसतात.

• सर्कलमध्ये आधी आतल्या वाहनाला जाऊ द्या.

• घाटात न्यूट्रल नाही आणि इंजिन बंद तर अजिबात नाही.

• कडेच्या दगडाचा रंग पाहा. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा. अपघात झाला तर ११२ वर सांगायला त्यावरचा किलोमीटर आकडा उपयोगी पडतो.

पाटी लावण्याआधी एक चाचणी

पाट्यांचा मजकूर ठरवताना मापदंडांमध्ये अक्षरांची उंची, रंग, खांबाचं अंतर हे सगळं बारकाईने दिलेलं असतं. दिलेलं नसतं ते एवढंच, की वाक्य समजतं का. त्यासाठी मोठा खर्च नको, समितीही नको. महाराष्ट्रात १९६० पासून भाषा संचालनालय आहे, प्रत्येक जिल्ह्यात परिवहन कार्यालय आहे आणि प्रत्येक बाजार समितीच्या बाहेर ट्रक उभे असतात.

पाटी छापण्याआधी तिचा कागद घेऊन तिथे जायचं. दहा चालकांना दोन-दोन सेकंद दाखवायचा आणि एकच विचारायचं, ‘हे वाचून तू काय करशील?’ दहापैकी नऊ जणांनी एकच उत्तर दिलं, तर पाटी लावायची, मग तिच्यातला शब्द संस्कृतातून आलेला असो वा वेल्समधून. चौघांनी ‘काही नाही, सरळ जाईन’ असं सांगितलं, तर ती पाटी लोखंडाच्या खांबावर चढवण्यात अर्थ नाही. मजकूर पुन्हा लिहायचा आणि तोही त्याच दहा जणांना विचारून.